चाळणीतला मुका कंस

दचकू नका, कंसच बोलतोय. देवकीची पोरं शिळेवर आपटणारा तो नव्हे. तो मामा होता, मी साधा चौकोनी कंस आहे. मी कुणाचं पोर मारलेलं नाही. निदान आज दुपारपर्यंत तरी नाही.

खरं सांगायचं तर मी कंससुद्धा नव्हे. कंसाची जोडी समोर आली की तिला ओळखायचं आणि तिचा अर्थ लावायचा, एवढ्याच कामासाठी लिहिलेल्या दहाबारा ओळी म्हणजे मी. पण कोळशाच्या वखारीत बसणारा काळा होतोच. कंस ओळखता ओळखता माझंही नाव कंसच पडलं.

माझं घर म्हणजे एक पार्सर. दवाखान्यात, बँकेत माणसं जी माहितीची कोठारं भरून ठेवतात, त्यांच्याशी बोलायची एक भाषा असते, एसक्यूएल. त्या भाषेतलं वाक्य शब्द सोडवून वाचणारा तो पार्सर. व्याकरणाचा मास्तर म्हणा. आमचा मास्तर फुकट आहे आणि उघडा आहे. कुणीही यावं, उतरवून घ्यावं, दुरुस्त करावं, नाहीतर बिघडवावं. ओपन सोर्स म्हणतात त्याला. दार कायम सताड उघडं, आणि त्या दारातला एक राखणदार मी.

मला जन्माला घातलं वगदीनं, अलेक्झांड्रियात, मुहर्रम बेक नावाच्या मोहल्ल्यात, एका तिसऱ्या मजल्यावर. त्याच आठवड्यात त्याच्या धाकट्या बहिणीला, इन्शिराहला, मुलगी झाली होती. सातव्या दिवशी सुबूअ होता, आपल्या बारशासारखाच गोंधळ. पोरीला नव्याकोऱ्या चाळणीत निजवलं, चाळण हळूहळू हलवली, चहूकडे मीठ उडवलं. इन्शिराह चाळणीवरून सात वेळा ओलांडून गेली. आणि वगदीची म्हातारी मावशी पोरीच्या कानाशी पितळी खलबत्ता ठणाठणा वाजवत ओरडत होती, "आईचं ऐक! बापाचं ऐकू नकोस! आईचं ऐक!"

मग तिचं लक्ष कोपऱ्यात मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या वगदीकडं गेलं. "आणि त्या मामाचं तर मुळीच ऐकू नकोस गं बाई! बारशाला आलाय आणि डोकं त्या डबड्यात!"

सगळं घर खो-खो हसलं. वगदीही हसला. आपल्या पार्सरला त्याला कित्येक दिवस नाव सापडत नव्हतं, ते तिथंच सापडलं. त्यानं टाइप केलं, गुर्बाल. म्हणजे चाळण. पोरीचं नाव ठेवलं जुमाना. तेव्हापासून आम्ही दोघं एका चाळणीतली भावंडं, असं मी आपलं मनात धरून बसलो. तिला काय माहीत!

खलबत्ता का वाजवतात माहितीये? पोराला पुढं मोठ्या आवाजाची भीती वाटू नये म्हणून. मला ते फार पटलं होतं. भीती आवाजाची नसावीच. आवाज थांबला की भ्यावं.

आता माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. कोठारातल्या एखाद्या खणावर नुसतं 'टेक्स्ट' लिहिलं, की त्या खणात एकच नोंद मावते. एकच वाटी. पण टेक्स्ट लिहून त्याच्या मागं कंसाची जोडी लावली, टेक्स्ट[] अशी, की त्या वाटीचा मिसळणाचा डबा होतो. हळद, तिखट, मोहरी, जिरं, हवं तेवढं शेजारी शेजारी ठेवा. इंग्रजीत त्याला अ‍ॅरे म्हणतात. रस्त्यात नुसतं 'अरे' म्हटलं तरी चार माणसं वळून बघतात, तसंच हे, एका हाकेला चारजण ओ देतात.

जोडी मात्र शब्दाच्या मागंच हवी. पुढं आली की ती कुणाचीच नाही.

बाकी घरोघरी रीती निराळ्या. कुणी कंसाच्या पोटात आकडा घालतो, कुणी जोडीमागं जोडी लावतो, कुणाला चौकोनी चालतच नाहीत, टोकदार लागतात. या सगळ्या रीती माझ्या अंगी बाणवल्या त्या शहीनाझबाईंनी. त्या आस्युतच्या, तिकडं वरच्या इजिप्तातल्या. वगदीची आणि त्यांची कधी गाठ पडलेली नाही. ओळख सगळी माझ्या ओळींखाली लिहिलेल्या शेऱ्यांमधली. बाई बोलायला फटकळ, पण त्यांचा हात फिरला की माझ्यातली एक पळवाट बुजलेली असायची.

आणि वगदीनं मला पहिल्या दिवशी जो मंत्र दिला, तो असा. "शंका आली की ओरड. पिठात खडा गेला तर दात तुझे-माझे पडणार नाहीत, खाणाऱ्याचे पडतील." म्हणून भलत्या जागी कंस दिसला की मी सगळं काम थांबवायचो आणि तांबड्या अक्षरांत ओरडायचो, अमुक ओळीत इथं कंस आलाच कसा?

इतक्या वर्षांत माणसांची एक खोड मात्र मी पाहून ठेवलीये. मी काय ओरडतोय ते ती वाचत नाहीत. तांबडं दिसलं की कपाळाला आठ्या घालतात आणि तेच बटण पुन्हा दाबतात, जणू दुसऱ्या खेपेला मी लाजून गप्प बसेन.

जुमाना वर्षाची व्हायच्या आतच तिला थॅलेसेमिया निघाला. अंगात रक्त टिकत नाही, दर काही आठवड्यांनी दुसऱ्याचं चढवायचं. जन्मभर. इन्शिराहनं रडून घेतलं, पदर खोचला आणि रक्तकेंद्राच्या वाऱ्या सुरू केल्या. पोर मोठी गोड. रक्त चढवून आली की गालावर लाली, आणि तडक मामाच्या घरी. फूल, म्हणजे तिकडची वालासारखी उसळ, आणि गरम पाव खायचा, मग सोलत बसायच्या भोपळ्याच्या बिया, टरफलं सगळी माझ्या कळांमध्ये.

एकदा मी असाच कुणावर तरी ओरडत होतो, तर तिनं विचारलं, "मामा, हा लाल लाल होऊन कुणावर चिडतो?"

"चुकणाऱ्यावर."

"तुझ्यावर पण?"

"माझ्यावर सगळ्यात जास्त."

"मग तू त्याला मारत नाहीस?"

"अगं वेडे, राखणदाराला कुणी मारतं का?" वगदी म्हणाला, आणि तिच्या हातातली बी पळवली. ते वाक्य मी विसरलेलो नाही.

परक्याचं रक्त पुन्हा पुन्हा घेतलं की अंग त्यातल्या एखाद्या खुणेशी वैर धरतं. मग ती खूण असलेलं रक्त त्या पोराला परत कधी द्यायचं नसतं. जुमानाचा पहिला वैरी केल नावाचा. मग दुसरा निघाला, तिसरा निघाला, चौथा निघाला. आणि हे वैर महाकपटी असतं बघा. काही महिन्यांनी ते झोपी जातं, तपासणीत दिसतच नाही. तपासणी म्हणते, सगळं छान. पण ते रक्त अंगात गेलं की वैर जागं होतं. त्या दिवशी काही कळत नाही, पोर हसते, खेळते. मग काही दिवसांनी ताप चढतो आणि आतल्या आत रक्त फुटायला लागतं. म्हणून जुनी नोंद हाच जुमानाचा जीव. केंद्राच्या कोठारात त्या नोंदीचा खण होता टेक्स्ट[]. डब्यात चार वाट्या, चार वैऱ्यांची नावं. म्हणजे तिचा जीव माझ्या कामावर टांगलेला होता. मला त्याचा कोण अभिमान होता म्हणून सांगू!

मग गेल्या वर्षी ठरलं की सगळ्या शहरांतली केंद्रं एकमेकांना जोडायची. अलेक्झांड्रियाचं पोर अस्वानला आजारी पडलं, तरी तिथल्या डॉक्टरला एका कळीसरशी त्याचा सगळा इतिहास दिसला पाहिजे. कल्पना चांगलीच. पोरांच्या गळ्यातली, वैऱ्यांची नावं लिहिलेली लाल कार्डं परत घेतली, आता यंत्रात सगळं आहे म्हणून. जुनं कोठार बंद करून नव्यात ओतायचं होतं. वगदीनं आपण होऊन अंगावर घेतलं. "माझ्या भाचीचं केंद्र आहे," म्हणाला, "पैसे कसले घेता?" नव्या कोठाराची रचना वाचायला त्यानं आमची चाळण बसवली.

ती रचना लिहून काढली केंद्रातल्या उस्ताद फिक्रींनी. गळ्यात टाय, खिशात कंगवा, आणि अक्षर न् अक्षर जागच्या जागी असल्याशिवाय चहा न पिणारा माणूस.

आता नीट ऐका, कारण सगळं इथंच फिरलं. अरबी चालते उजवीकडून डावीकडं. इंग्रजी शब्द चालतो डावीकडून उजवीकडं. फिक्रींचं पान होतं अरबी, उजवीकडून चालणारं. त्यात त्यांनी टेक्स्ट लिहिलं आणि मागं कंस लावला. बरोबर लिहिलं! पण पडद्याला वाटलं हा कंस अरबी वरातीतला, म्हणून त्यानं तो उचलून शब्दाच्या डाव्या अंगाला नेऊन दाखवला. आत लिहिलेलं सरळ, वर दिसणारं उलटं. फिक्रींच्या टापटिपीला ते कसं सोसावं? त्यांनी कंस पुसला आणि शब्दाच्या आधी टाइप केला. झालं! आता पडद्यावर तो दिसत होता उजवीकडं, अगदी जिथं असायला हवा तिथं. आणि आत मात्र कंस पुढं, शब्द मागं. दिसतं तसं नसतं म्हणून तर जग फसतं. ही चूक पॅरिसच्या माणसाच्या हातून व्हायचीच नाही. तिला उजवीकडून लिहिणारा हात लागतो, आणि वर नीटनेटकेपणाची हौस लागते.

त्या ओळीशी मी जो ओरडलो, जो ओरडलो! फिक्रींनी बटण दाबलं, मी ओरडलो. पुन्हा दाबलं, पुन्हा ओरडलो. शेवटी जिने चढून, धापा टाकत ते वगदीच्या दारात उभे.

"इंजिनीअरसाहेब, तुमची चाळण खोटं बोलते!"

"या उस्ताद, बसा तर आधी. चहा?"

"चहा गेला खड्ड्यात! हे बघा." त्यांनी फोन पुढं केला. पडद्याचा फोटो काढून आणला होता. "टेक्स्ट, आणि त्याच्या उजवीकडं कंस. आहे की नाही? हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

वगदीनं फोटो मोठा केला, डोळे बारीक केले. "बरोबर तर दिसतंय."

"मग तुमचा हा पहारेकरी अफू खाऊन बसतो काय? तिकडं बुधवारी जुनं यंत्र बंद करताहेत. गुरुवारी पोरं रक्ताला येणार. त्यांना काय सांगू, कंस रुसलाय?"

"फाईल देता का मला? बघतो."

"फाईल? रुग्णांच्या कोठाराची? नियम आहे साहेब, अजून सही झालेली नाही. फोटो दिला हेच पुष्कळ."

वगदी ओशाळला. आपण केलेल्या वस्तूला कुणी खोटारडी म्हटलं की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. त्यानं शहीनाझबाईंना लिहिलं. त्यांचं उत्तर लगेच आलं. "फोटो नका बघू वगदीसाहेब. फोटो म्हणजे आरसा, आणि आरशात डावं-उजवं बदलतं. सही होईस्तोवर थांबा, मग फाईल उघडा आणि बाणाची कळ दाबत एकेक अक्षर चालून बघा. गुर्बाल उगाच ओरडत नाही."

मला तर नाचावंसं वाटलं. बाईंनी नेमकं दुखण्यावर बोट ठेवलं होतं. पण वगदीनं एकवार घड्याळाकडं पाहिलं, एकवार फिक्रींच्या घामेजल्या टायकडं, आणि माझ्या पोटात एक नवी ओळ घातली. 'कंस अनोळखी जागी दिसला तर त्याला वगळून पुढं जा.' वर शेरा लिहिला, 'तात्पुरतं'.

तात्पुरतं! या शब्दाइतकं चिवट काही मी जन्मात पाहिलं नाही. आमच्या इमारतीच्या जिन्यातला दिवा तात्पुरत्या तारेवर लावलाय, वगदीच्या लग्नाच्याही आधीपासून.

शहीनाझबाई भडकल्या. "भुंकतो म्हणून कुत्र्याचं तोंड बांधलंत, तर चोर तुम्हाला दुवा देईल हो. माझी याला हरकत आहे."

वगदीनं लिहिलं, "बाई, पटतंय मला. पण गुरुवारी माझ्या भाचीचं रक्त आहे. तेवढं आटपू दे, मग सोडतो त्याचं तोंड." आणि घराचा मालक तो. त्यानं होकाराची कळ दाबली. हिरवी खूण उमटली. माझ्या तोंडात बोळा बसला.

पुढं सगळं लोण्यासारखं सरकलं. फिक्रींची रचना माझ्यासमोर आली. टेक्स्टच्या पुढं कंस, भलत्या जागी. मी तोंड उघडलं, आणि आवाजच नाही. कंस वगळला गेला. उरला नुसता टेक्स्ट. मिसळणाच्या डब्याची एक वाटी झाली. मग जुनं धान्य नव्यात ओतणारा दुसरा गडी आला. त्यानं पाहिलं, चार वाट्या आहेत आणि जागा एकीची. त्यानं पहिली ठेवली आणि बाकीच्या गुपचूप ओतून दिल्या. त्यालाही कुणी ओरडायला शिकवलं नव्हतं. जुमानाच्या खणात राहिला एक केल. तिचेच काय, सगळ्या पोरांचे खण तसेच. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

फिक्रींनी बसबूसाचा मोठा खोका आणला. "अल्फ मब्रूक, हजार वेळा अभिनंदन! तुमचा पहारेकरी शुद्धीवर आला बरं का!" वगदीनं रव्याची ती वडी तोंडात टाकली, पाक बोटांवरून चाटला. पुढं कागदांवर सह्या झाल्या, फाईलही त्याच्या हाती आली. त्यानं ती उघडलीच नाही. आता कशाला?

आणि मग काहीच झालं नाही. हेच सगळ्यात वाईट झालं. अलेक्झांड्रियाच्या केंद्रात सिस्टर अफाफ आहेत. त्यांना जुमानाचे चारही वैरी तोंडपाठ. पडद्याकडं न बघताच त्या पिशवी निवडायच्या. गुरुवार येत गेले, गालांवर लाली येत गेली, आणि माझ्या पोटातला तो 'तात्पुरतं' तिथंच ठाण मांडून बसला. दर खेपेला मी म्हणायचो, आज सुटलो. सुटलो म्हणताना जीव आणखीच टांगणीला लागायचा.

आता आजचं ऐका.

आज इन्शिराहच्या नणंदेचं लग्न आहे, इस्माइलियात. चार दिवस झाले मायलेकी तिकडं आहेत. आज सकाळपासून पोर पांढरीफटक पडली, पायऱ्या चढवेनात. इन्शिराहनं वेळ घालवला नाही, तिथल्या केंद्रात नेलं. तिथं कोण सिस्टर अफाफ आणि कोण काय! तिथं फक्त पडदा.

दुपारी वगदी जेवून उठत होता तेवढ्यात तिचा फोन आला. त्यानं फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"अरे वगदी, इथली पोरगी म्हणते पडद्यावर एकच नाव आहे. केल. चार होती ना रे?"

"चार?"

"चारच! मी बोटांवर मोजायचे रोज. ती बाकीची इंग्रजी अक्षरं माझ्या ध्यानात नाहीत, मेली. लाल कार्ड असतं तर दाखवलं असतं, तेही काढून घेतलं. अफाफबाई फोन उचलत नाहीत, त्यांची आज सुट्टी. हिला सांगतेय तर ही म्हणते, तपासणीतही दुसरं काही येत नाही, तुम्हाला चुकीचं आठवत असेल. तू बघ की, यंत्र तुझं आहे!"

"थांब, घाबरू नकोस. आत्ता बघतो."

त्यानं मला हाक मारली. तीच रचना पुन्हा माझ्यासमोर धरली. कंस भलत्या जागी. डोळ्यांसमोर! मी सगळं बळ एकवटलं. ओरड, ओरड रे! पण बोळा होता. मी कंस ओलांडला आणि पडद्यावर, माझ्याच हातानं, हिरवी अक्षरं उमटली. सगळं ठीक.

"ठीक आहे गं," वगदी म्हणाला. "एकही चूक दाखवत नाही. मधल्या काळात डॉक्टरांनी नव्यानं तपासलं असेल, बाकीची गळाली असतील. यंत्रात आहे ते खरं."

"नक्की ना? मला आपलं आत कसंतरीच होतंय."

"आईचं काळीज आहे, व्हायचंच. मी सांगतोय ना."

पलीकडून तिला कुणीतरी हाक मारली. मग म्हणाली, "तू म्हणतोस म्हणजे झालं. चल, आत बोलावताहेत. फोन बाहेर ठेवायला सांगतात इथं."

तेवढ्यात मागून जुमानाचा आवाज आला, थकलेला. "मामा, तुझा राखणदार ओरडला का?"

"नाही गं राणी. एकदम शांत आहे."

"मग बरं," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

वगदीनं चहा ठेवला. पुदिना खुडला. खिडकीखालून ट्राम गेली. तो कप घेऊन परत माझ्यासमोर बसला आणि नुसता बघत राहिला. काय खटकलं त्याला देव जाणे. कदाचित 'शांत आहे' हे स्वतःचंच बोलणं खटकलं असेल. कधीकाळी त्यालाच शांततेची चीड होती. त्यानं माझ्या ओळी वर-खाली केल्या. 'तात्पुरतं' दिसलं. खाली शहीनाझबाईंचा शेरा दिसला. फोटो म्हणजे आरसा. एकेक अक्षर चालून बघा.

त्यानं फिक्रींची फाईल पहिल्यांदा उघडली. बाणाची कळ दाबायला लागला. एक अक्षर, दुसरं अक्षर. शब्दाशी पोचला, आणि पडद्यावरची ती बारीक उभी रेघ टुणकन उडी मारून पलीकडच्या अंगाला गेली. जिथं आधी शब्द यायला हवा होता, तिथं कंस होता.

कप त्याच्या हातून सुटला. चहा माझ्या कळांमध्ये शिरला, मी काही बोललो नाही. त्यानं खण उघडून पाहिले. एक वाटी. खालच्या पोराची एक वाटी. त्याच्या खालच्याची एक. सगळ्यांची एकेक.

"या अल्लाह," तो म्हणाला. "या अल्लाह, ती बरोबर सांगत होती."

फोन लावला. वाजतोय. पुन्हा लावला. वाजतोय. केंद्राचा नंबर शोधला, तो लागत नाही. फिक्रींना लावला, पण वगदीच्या तोंडून धड वाक्य निघेना, नुसतं "इस्माइलियाला फोन करा, पिशवी काढा, पिशवी काढा" म्हणत राहिला. पुन्हा बहिणीला लावला. आणि दुसऱ्या हातानं त्यानं माझ्या पोटातली ती ओळ पुसली.

ती पुसून तिकडचं थेंबभर रक्त थांबणार नव्हतं, हे त्याला कळत होतं. तरी पुसली. बोळा निघाला. त्यानं मला पुन्हा फिक्रींच्या ओळीशी उभं केलं, आणि मी ओरडलो. तांबड्या अक्षरांत, होतं नव्हतं तेवढं. इथं कंस आलाच कसा?

वगदी ते वाचत होता. एवढ्या वर्षांत माझं ओरडणं असं शब्द न् शब्द वाचणारा तो पहिला माणूस. वाचता वाचता हमसाहमशी रडत होता.

कंस मी, आणि मामा तो. देवकीच्या भावाला निदान माहीत तरी होतं आपण काय करतोय ते.

तुम्ही जे कुणी हे वाचताय, तुमच्या घरी, दारी, कचेरीत माझ्यासारखा कुणी कटकट्या असेल. कर्कश असेल, वेळीअवेळी ओरडत असेल. त्याला शिव्या घाला, पण त्याचं तोंड बांधू नका. आधी तो काय म्हणतोय ते वाचा. मला याहून जास्त मागायचं नाही, आणि मागायला आता वेळही नाही.

रक्ताची पिशवी रिकामी व्हायला दुपार जाते म्हणतात. अजून ऊन आहे. टेबलावर लावलेल्या फोनात रिंग वाजतेय, इस्माइलियातल्या कुठल्याशा बाकावर दुसरा वाजत असेल, आणि त्याच्या शेजारी कुणी नसेल. वगदी पुन्हा पुन्हा मला चालवतोय, उगीचच, आणि दर खेपेला मी त्या खलबत्त्यासारखा ठणाणतोय. ऐक गं जुमाना. आईचं ऐक. मामाचं मुळीच ऐकू नकोस.